अकरा वेळा खुशाल

सोमवार, ३ नोव्हेंबर २०२५

आज सकाळपासून 'खुशाली' सुरू झाली. नऊ घरं, नऊ फोन. ९:४० पर्यंत नऊही ठिपके हिरवे.

पुढे विसरायला नको म्हणून नीट लिहून ठेवतो. झाशीतल्या आपल्या मराठी मंडळींत नऊ जण असे आहेत की मुलं पुणे, नाशिक, बंगळूर इकडे आणि म्हातारं माणूस इथे एकटं. मुलांनी सकाळी फोन करायचा, यांना तो ऐकू यायचा नाही, मग मुलं मला फोन करणार, "काका, जरा बघून येता?" दोन वर्षं हे चाललं. म्हणून मी एक पान तयार केलं. फोनवर उघडलं की एकच मोठं बटण, 'खुशाल आहे'. दाबलं की मुलाच्या फोनवर आईच्या किंवा वडिलांच्या नावापुढे हिरवा ठिपका आणि वेळ. दहापर्यंत दाबलं नाही तर ठिपका पिवळा आणि मुलाला सूचना. आता बघून यायला मी लागत नाही.

कारखान्यात टाइम ऑफिसच्या खिडकीशी एका नव्या इंजिनियरने विचारलं, "केशवजी, कोर्स कहाँ से किया?" म्हटलं, "कहीं से नहीं." सत्तेचाळिसाव्या वर्षी इंग्रजी शब्दकोश मांडीवर घेऊन शिकलो. आता चोपन्न. कुणाच्या क्लासची पायरी चढलो नाही.

अहिल्येला बंगळूरला फोन करून सांगितलं, नऊ ठिपके. ती म्हणाली, "आणि दहावा?" म्हटलं, दहावा कोण? ती म्हणाली, "जाऊ दे. कुकर झालाय." ती आमच्या मुलाकडे, मकरंदकडे, नातवासाठी गेली आहे. गेल्या फेब्रुवारीतच परत यायची होती.

शुक्रवार, ७ नोव्हेंबर

नवांतल्या शरदचंद्र काकांकडे तक्रार आली म्हणून गेलो होतो, छावणीच्या बाजूला, सायकलवर पंचवीस मिनिटं. तक्रार अशी, की बटण दाबलं तर फोन 'घूं' करत नाही. त्याने तसं करायचंच नाहीये. हे मी पहिल्या दिवशी सांगितलं होतं.

ते म्हणाले, "अरे भैया, मग मला कळणार कसं की गेलं?"

"हिरवं होतं ना?"

"हिरवं तर होतं. पण तू सांगितलंस म्हणजे पक्कं."

हे दिवसातून सहा-सहा वेळा दाबतात. त्यांच्या मुलाला पुण्यात सहा सूचना जातात. घरी येऊन नियम घातला: दिवसाला एकच. पहिलं दाबणं पुढे जाईल, बाकीची फोनमध्ये लिहून ठेवली जातील पण पाठवली जाणार नाहीत.

आणि हो, त्यांच्या फोनचं घड्याळ बावीस मिनिटं पुढे. मुद्दाम ठेवलंय, गाडी चुकू नये म्हणून. शेवटची गाडी त्यांनी कधी पकडली कोण जाणे. अशा घड्याळांवर मी वेळ कशी सोडणार? बत्तीस वर्षं टाइम ऑफिसात एकच शिकलो. कामगाराच्या मनगटावर काय वाजलंय ते विचारायचं नसतं, वेळ गेटच्या घड्याळाची. 'खुशाली'तही तसंच. सर्व्हरवर निरोप ज्या क्षणी पोचतो ती वेळ.

रविवार, १६ नोव्हेंबर

सुट्टी. सगळा दिवस सर्व्हिस वर्करवर. आज तो पूर्ण झाला.

हा प्रकार मला फार आवडतो, म्हणून सविस्तर. वर्कर म्हणजे पानाच्या मागे चालणारी एक वेगळी फाइल. पान पहिल्यांदा उघडलं की ब्राउझर त्याची नोंद करून घेतो आणि तिथून पुढे पान व इंटरनेट यांच्यामध्ये तो उभा. पानातून जाणारी प्रत्येक मागणी आधी त्याच्या हातात येते. त्याला स्क्रीनला हात लावता येत नाही, माणसाला तो कधी दिसत नाही. पान मिटलं तरी त्याची नोंद फोनमध्ये राहते.

तो चोवीस तास जागा असतो असं लोकांना वाटतं, ते चूक. काम नसलं की काही सेकंदांत ब्राउझर त्याला निजवतो आणि काही घडलं की उठवतो. उठल्यावर त्याला आधीचं काही आठवत नाही. त्यामुळे जे लक्षात राहायला हवं ते त्याने निजण्याआधी लिहून ठेवायचं.

माझ्या कामाचा भाग असा: एखाद्या काकूंनी बटण दाबलं आणि नेट नसलं तर वर्कर तो निरोप रांगेत ठेवतो आणि ब्राउझरला सांगून निजतो. नेट आलं की ब्राउझर त्याला हलवून उठवतो, तो निरोप पोचवतो, पुन्हा निजतो. पान उघडं असो वा नसो, माणूस जवळ असो वा नसो.

स्वयंपाक केला नाही. सकाळचं वरण होतं.

मंगळवार, २५ नोव्हेंबर

भानुमती काकूंची या महिन्यातली पाचवी तक्रार. लक्ष्मी गेटच्या आतल्या गल्लीत घर, सायकल बाहेर ठेवून चालत जावं लागतं. तक्रार: "बटण जरा फिकं दिसतंय." फोन तपासला. दोष आढळला नाही. पान उघडं होतं, त्या ते कधी बंदच करत नाहीत, फोन तसाच पालथा घालून ठेवतात. स्क्रीनचा उजेड कमी झाला होता, तो वाढवला. दोन मिनिटांचं काम. सांजा आणि चहा धरून एक तास दहा मिनिटं गेली.

काकू आता एक्याऐंशीच्या. यांचे पूर्वज फौजेबरोबर इकडे आले, आमच्यासारखे रेल्वेमुळे नव्हेत, आणि ते त्या बोलण्यात एकदा तरी आणतात. आज म्हणाल्या, "तुम्ही इस्टेशनवाले. कधीही गाडीत बसून जाल."

म्हटलं, "मी कुठे जाणार?"

"शाल्मली म्हणते, नाशकाला चल. पुन्हा एकदा पडलीस म्हणून कळलं ना, तर विचारणारच नाही, सरळ उचलून आणेन. मी म्हटलं, मग पडतेच कशाला."

शाल्मली म्हणजे त्यांची मुलगी. गेल्या पावसाळ्यात काकू पायरीवरून घसरल्या होत्या, तेव्हापासून हा वाद चालू आहे.

निघताना म्हणाल्या, "पुन्हा फिकं झालं तर येशील ना रे?"

म्हटलं, आता होणार नाही, सेटिंग कायमचं केलंय.

बुधवार, ३ डिसेंबर

तक्रारींवर उपाय सापडला. पानावरच 'तक्रार करण्यापूर्वी' असा मजकूर टाकला. सहा मुद्दे, मोठी अक्षरं: फोन चार्ज आहे का, उजेड किती आहे, वगैरे. छापूनही नऊ घरी दिला. शरदचंद्र काकांनी वाचून विचारलं, "म्हणजे हे सगळं नीट असेल तर तू येणार नाहीस?"

"यावंच लागणार नाही, काका."

"वा," म्हणाले आणि कागदाची घडी करून खिशात ठेवली.

भानुमती काकूंनी तो चष्मा लावून दोनदा वाचला. सांजा केला नव्हता.

बुधवार, १० डिसेंबर

सात दिवस एकही तक्रार नाही. काम चोख झालं की असं असतं.

संध्याकाळी लवकर घरी आलो. काही करायचं नव्हतं. ठिपक्यांच्या यादीवर नजर टाकली, सगळे हिरवे. मग पुन्हा टाकली.

गुरुवार, ११ डिसेंबर, दुपारी १:१०, टाइम ऑफिस

डबा उघडण्याआधी हे लिहितो.

आज वर्करने पहिल्यांदा खरं काम केलं. सकाळी लक्ष्मी गेट भागात सात ते अकरा वीज नव्हती. भानुमती काकूंच्या घरात भिंती इतक्या जाड की मोबाइलची रेंज मागच्या खोल्यांत येत नाही, सगळं वरच्या भाडेकरूच्या वायफायवर. वीज गेली की वायफाय गेलं. दहाला त्यांचा ठिपका पिवळा झाला. शाल्मलीने विचारलं, "काका, आईचा फोन लागत नाहीये." मी चौकशी करून कळवलं की वीज नाही, थांब. आणि बरोबर ११:०२ ला ठिपका हिरवा! रांगेतला निरोप त्याने उठून पोचवला. शाल्मलीने नमस्काराचं चित्र पाठवलं. लिहिलं, "जीव भांड्यात पडला."

खिडकीतून समोरच्याला म्हटलं, "देखिए, चल गया." तो म्हणाला, "क्या चल गया, बाबूजी?" समजावत बसलो नाही.

नऊपैकी नऊ.

गुरुवार, ११ डिसेंबर, रात्री

काकू न्हाणीघराच्या दाराशी पडल्या होत्या. सकाळी साडेसातच्या सुमारास. भांडी घासायला येणारी बाई ४:१० ला आली तेव्हा दिसल्या. वरचे भाडेकरू दोघंही दिवसभर कामावर, हाक कुणाला ऐकू जाणार? मांडीचं हाड खुब्यापाशी मोडलं आहे. अंग गार पडलं होतं. इस्पितळातून आत्ता आलो. डॉक्टर म्हणाले, "उम्र देखिए, कुछ कह नहीं सकते."

साडेसात ते चार-दहा. आठ तास चाळीस मिनिटं.

माझ्या पानावर त्या अजूनही हिरव्या आहेत. ११:०२, खुशाल आहे.

शनिवार, १३ डिसेंबर

शस्त्रक्रिया झाली. शाल्मली काल दुपारी पोचली.

दोष सापडला. काकूंनी रोजच्यासारखं पडण्याआधी बटण दाबलं असणार, सातच्या आसपास. तेव्हा नेट नव्हतं. निरोप रांगेत राहिला, ११:०२ ला सर्व्हरवर पोचला आणि मी वेळ लिहिली ती पोचण्याची. दाबण्याची लिहायला हवी होती. ठिपक्यापुढे '७:००' असतं तर शाल्मलीला समजलं असतं की हे जुनं आहे, सकाळी सातची खुशाली अकराला काय कामाची. '११:०२' वाचून ती निर्धास्त झाली. आणि मी डबा खाल्ला.

चूक माझीच. वर्करने त्याला सांगितलं तेवढं बिनचूक केलं.

इस्पितळाच्या व्हरांड्यात शाल्मलीला हे सगळं समजावलं. कागदावर दोन घड्याळं काढून दाखवली, एक फोनचं, एक सर्व्हरचं. ती पूर्ण ऐकून घेत होती. मग म्हणाली, "काका, घड्याळ कुणाचंही धरा. आई दिवसभर फरशीवर होती आणि तुमचं घर दोन किलोमीटरवर आहे."

म्हटलं, "मी ड्यूटीवर होतो. आणि ठिपका हिरवा असताना मी कशाला..."

"तेच म्हणतेय मी," ती म्हणाली.

तिचा मुद्दा माझ्या नीट लक्षात आला नाही. दमलेली होती.

मंगळवार, १६ डिसेंबर

दुरुस्तीसाठी काकूंचा फोन शाल्मलीकडून मागून आणला. फोनची स्वतःची नोंद उघडली. पाठवली न गेलेली दाबणीही तिथे राहतात, हे वर लिहिलंच आहे. घड्याळ ताडून पाहिलं, दोन मिनिटं पुढे. तेवढी वजा करून खाली उतरवतो.

७:३४. ७:३५. ८:२०. ९:५०.

११:४१. १२:०५. १२:०६. १:१५. २:०२. २:४८. ३:३०.

अकरा.

पडण्याआधीचं एकही नाही.

पहिली चार नेट नसताना. त्यांतलं पहिलं ११:०२ ला गेलं. पुढची सात नेट असताना दाबली आणि वर्करने प्रत्येक वेळी उठून पाहिलं, आजची खुशाली आधीच पोचली आहे, आणि पुन्हा निजला. दिवसाला एकच.

शरदचंद्र काकांसाठी घातलेला नियम. सात ओळींचा आहे. मी तो चार वेळा तपासला होता.

बुधवार, १७ डिसेंबर

रजा टाकली. या वर्षातली पहिली.

काकू उशीला टेकून होत्या. शाल्मली औषधं आणायला खाली गेली होती. मी कागद दाखवला. चष्मा नव्हता म्हणून वाचूनही दाखवला, अकराच्या अकरा वेळा.

म्हटलं, "काकू, फोन हातात होता. अकरानंतर वायफायही होतं. शाल्मलीला फोन का नाही लावलात?"

"तिला लावला असता तर तिनं तिथूनच तिकीट काढलं असतं."

"मग मला?"

"तुला ड्यूटीवर कसला फोन लावायचा! आणि काय सांगू? पडले म्हणून? तू तिला सांगणारच. तू खोटं थोडंच बोलतोस."

"मग हे अकरा वेळा 'खुशाल आहे' कशासाठी?"

काकूंनी पांघरूण सारखं केलं. मग म्हणाल्या, "त्या पानात काही बिघडलं की तू येतोस. म्हटलं, दाबून दाबून बिघडवू या."

मी म्हटलं, "जास्त वेळा दाबल्याने ते बिघडत नाही, काकू."

"हो ना," त्या म्हणाल्या. "चांगलं केलंयस रे. बिघडतच नाही."

खरंच कौतुकाने म्हणाल्या. मी त्यांच्या तोंडाकडे नीट पाहिलं.

शाल्मली आली. कागद मी खिशात घातला. नंतर जिन्यात तिला दाखवला, कारण काकू म्हणाल्या ते बरोबर आहे, मला खोटं बोलता येत नाही. तिने वाचला आणि तिथेच पायरीवर बसली. मी उभाच होतो. बसायला हवं होतं, असं घरी आल्यावर वाटलं.

रविवार, २१ डिसेंबर

दुरुस्त्या: (१) दाबण्याची आणि पोचण्याची, दोन्ही वेळा दिसतील. (२) तासाभरात तीन वेळा दाबलं तर ठिपका लाल आणि मला ताबडतोब सूचना. (३) 'तक्रार करण्यापूर्वी' हा मजकूर काढला.

तिसऱ्याचं तांत्रिक कारण काही नाही.

शरदचंद्र काकांकडचा छापील कागद परत घ्यायला गेलो. तो त्यांनी आरशाच्या फटीत लावला होता. काढून दिला. मग मी तिथे बसलो. त्यांनी दोनदा विचारलं, "काही चेक करायचंय?" म्हटलं, नाही. त्यांनी रेडिओ लावला.

सोमवार, २९ डिसेंबर

काकूंना नाशिकला नेलं, दुपारच्या मेलने. फलाटावर चाकाच्या खुर्चीत शालीत गुंडाळून बसल्या होत्या. मला म्हणाल्या, "बघ, इस्टेशनवाला राहिला आणि मी निघाले."

मी डब्याचा क्रमांक, बर्थ, खालचंच आहे ना, सगळं तपासून दिलं. गाडी नऊ मिनिटं उशिरा सुटली.

डब्याच्या दाराशी शाल्मली म्हणाली, "काका, आईच्या फोनवरून ते काढून टाका आता. तिला तिथे गरज नाही, मी आहे. आणि मला तो हिरवा ठिपका बघवत नाही."

म्हटलं, करतो.

शुक्रवार, २ जानेवारी २०२६

शाल्मलीच्या फोनवरचं नाव इथून काढलं. ते सोपं होतं. काकूंच्या फोनमधला वर्कर इथून काढता येत नाही. सर्व्हरवरची फाइल पुसली तरी फोनमधला आपला नोंदीवर राहतो आणि नेमून दिलेलं करत राहतो. रीत अशी आहे की एक नवा वर्कर लिहून ठेवायचा, ज्याचं काम एकच, स्वतःची नोंद रद्द करून निघून जाणं. काकूंनी बटण दाबलं की ब्राउझर नवा आला आहे का ते बघतो आणि उतरवून घेतो.

पण नवा लगेच कामावर चढत नाही. जुन्याच्या हाताखालचं पान जोवर उघडं आहे तोवर तो थांबतो. माणसाच्या हातातलं पान मध्येच बदलू नये म्हणून हा नियम आहे, आणि मला तो नेहमीच योग्य वाटला आहे. नव्याने थांबू नये असं वाटलं तर तशी एक ओळ त्यात लिहावी लागते.

आज नवा वर्कर सर्व्हरवर ठेवला.

मंगळवार, ६ जानेवारी

काकूंचा निरोप आला. दाबला ६:१४, पोचला ६:१४. काल ६:२०, परवा ६:११. नवा वर्कर त्यांच्या फोनमध्ये चार दिवसांपासून जाऊन बसला आहे. त्या पान बंद करत नाहीत.

शाल्मलीने विचारलं, "काका, काढलंत ना?" मी लिहिलं, "नवी आवृत्ती ठेवली आहे." हे खरं आहे.

ती एक ओळ मी लिहिलेली नाही. आज तीन वेळा फाइल उघडली होती.

शुक्रवार, ९ जानेवारी

हे बरोबर नव्हे. शाल्मलीला शब्द दिला आहे. म्हणून आज ६:१६ ला ठिपका आल्याबरोबर काकूंना फोन लावला. त्यांनी दुसऱ्या रिंगला उचलला.

"काकू, केशव बोलतोय. एक काम आहे. ते पान एकदा बंद करायचं आहे."

"का रे? नीट चाललंय की."

"शाल्मलीने सांगितलंय. तुम्ही आता तिच्याजवळ आहात, त्याची गरज नाही."

"ती आठला जाते, सातला येते," काकू म्हणाल्या. "बंद कसं करायचं?"

बोट स्क्रीनच्या तळापासून वर सरकवायचं, पान लहान झालं की ते वर ढकलायचं. दोन सेकंदांचं काम आहे. एक्याऐंशी वर्षांच्या बाईला फोनवर सांगता येईल इतकं सोपं, मी स्वतः शरदचंद्र काकांना शिकवलं आहे.

"सांग ना," त्या म्हणाल्या. "ऐकतेय."

मी म्हटलं, "फोनवर नाही समजायचं, काकू. मी आलो की करून देतो."

"बरं," काकू म्हणाल्या. मग म्हणाल्या, "सांज्याला रवा कुठला आणायचा ते शाल्मलीला सांगून ठेवते. इथला फार बारीक मिळतो."

कारखान्यात रजेचा अर्ज दिला. साहेबांनी वर पाहून विचारलं, "केशवजी, फिर से? सब ठीक?" म्हटलं, नासिक में एक काम है. एकोणीस तारखेच्या मेलला खालचं बर्थ नाही, वरचं मिळालं. घेतलं.